साहेबांनी चढवलेलं नवं व्हर्जन

“जुनं झालं हो हे, काढून टाका!” समोरची वस्तू धडधाकट चालत असली तरी आमचे साहेब हेच म्हणायचे आणि शर्टाच्या बाह्या वर सारायचे. बाह्या वर गेल्या की आम्ही हातातली कामं पटापट उरकून घ्यायचो.

परभणीत बियाणं तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते आणि मी ऑपरेटर. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, फिरता पंखा खोलून बसणारा. आमच्या साहेबांनी तर कागदच बंद केले होते. कोणत्या नमुन्याचे किती दाणे उगवले, ते आकडे थेट मशीनमध्ये.

एका वर्षी, पेरणी तोंडावर आलेली असताना, त्यांनी आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर मशीन चालवणारं नवं युनिक्स आणि आकडे साठवणारा नवा डेटाबेस चढवला. सकाळी माझ्या टेबलावरच्या मशीननं अहवाल मागितला, तर पडद्यावर एकच ओळ: व्हर्जन जुळत नाही. मागणारं जुनं, देणारं नवं. दोघं एकमेकांशी बोलेनात.

“साहेब, जुनंच परत टाका ना. जुन्याची टेप आहे कपाटात.”

“मागं जायचं न्हाई, ताई. तुमची मशीनच नवी करू. फिकर करू नका.”

ते रेल्वेनं हैदराबादला गेले आणि फ्लॉप्यांचा डबा घेऊन आले. नवा प्रोग्राम आमच्या मशीनच्या मेमरीत मावेना. तरी यांची खटपट चालूच. व्हरांड्यात शेतकरी ताटकळलेले, आणि त्यांची बोलणी खायला मी! माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी चारठाण्याची एक बाई सरळ आत आली. घरी राखलेलं ज्वारीचं बी तिनं तपासायला दिलं होतं.

“साहेब, माझं बी उगवंल का न्हाई, येवढंच सांगा.”

“मावशी, मशीन बोलंना.”

“मशीन बोलंना तर ऱ्हाऊ द्या. तुमी बोला.”

 साहेब उठले, कपाटातून टेप काढली आणि हौसेनं चढवलेलं नवं सगळं पुसून टाकलं. जुनं परत बसेपर्यंत ते मशीनसमोरून हलले नाहीत.

दुपारी तिचा अहवाल निघाला. निम्म्याहून जास्त दाणे उगवलेच नव्हते.

हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडणार, असं मी धरूनच चालले होते. पण ते स्वतः बाहेर गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले.

“मावशी, हे पेरू नका. दुसरं बघा. लय खेटे घातले तुमी, माझ्यामुळं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “खेट्याचं काय एवढं? पेरलं असतं तर वावर मोकळं ऱ्हायलं असतं, साहेब.”

माझा राग तिथं विरघळला. महिनाभरच. मग त्यांनी चांगला चालणारा प्रिंटर खोलला.

पुढे त्यांची बदली झाली. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलली तरी ते खिडकीतून मला काहीतरी समजावत होते. शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हात हलताना दिसत होते.