प्रबळगडाला निघताना

आम्ही प्रबळगडावर किती वेळा गेलो ते विचारू नका. किती वेळा निघालो ते विचारा! चढणाऱ्याच्या अंगात बोलायला दम उरत नाही, त्यामुळे चढाईचे किस्से फारसे होत नाहीत. तयारीचे मात्र ढिगाने होतात. आमच्याकडे चार वर्षांचे साठलेत.

आम्ही म्हणजे पनवेलच्या एका भाताच्या गिरणीतली माणसं. हेडक्लार्क नाना, काट्यावरचा तोलार काशिनाथ, लॉरीवाला उस्मान, बॉयलरमध्ये तूस टाकणारा बामा, आणि नानांच्या हाताखालचा कारकून मी. प्रबळगडाचं खूळ नानांचं. गिरणीच्या फाटकातून तो डोंगर समोर दिसायचा. नाना तीस वर्षं तो बघत होते, पण वर कधी गेले नव्हते. गुडघे कुरकुरायला लागले आणि चार वर्षांनी नोकरी संपली की नागपूरला मुलाकडे जायचं ठरलं, तेव्हा एकदम जागे झाले.

“जायच्या आधी एकदा वरून पनवेल बघायचंय,” म्हणाले. सुट्टी फक्त रविवारची, म्हणजे एका दिवसात जाऊन यायला हवं.

*

पहिल्या वर्षी काशिनाथने नियम केला. माणशी पाच शेरांवर ओझं नाही, आणि प्रत्येकाचं सामान गिरणीच्या काट्यावर तोलायचं. सगळ्यांचं सामान बरोबर पाच शेर भरलं. तरी डोंगराच्या पायथ्याशीच आमचे खांदे गळून पडायला आले.

नानांनी तर भाकऱ्या पितळी डब्यात, तो डबा पत्र्याच्या पेटीत आणि पेटी वळकटीत घातली होती. मी विचारलं, “काशिनाथ, हे पाच शेर?”

“बारदान वजा करून!” काशिनाथ म्हणाला. “पोत्याचं वजन कोणी धरतं का?”

तिथूनच मागे फिरलो.

*

त्या पेटीत पंचांग निघालं, ते वेगळंच. डोंगरावर पंचांग कशाला, म्हणून मी विचारलं.

“उतरायला मुहूर्त बघायला,” नाना म्हणाले. “चढायला निघतोय तोच कुमुहूर्तावर!”

*

दुसऱ्या वर्षी ठरवलं की स्वतःची पिशवी स्वतः भरायचीच नाही. माझी उस्मानने भरायची, उस्मानची काशिनाथने, असं. म्हणजे कोणाचे लाड नकोत. कल्पना माझीच होती, आणि मला तिचा फार अभिमान होता.

अर्ध्या वाटेवर तहान लागली. पाच पिशव्या उघडल्या. सव्वीस भाकऱ्या, पाच पुड्या लसणाची चटणी, बामाकडून सुके बोंबील, गूळ, कांदे, दोरी, मलम. पाणी प्रत्येकाने दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेलं.

“या अल्ला,” उस्मान म्हणाला, “बोंबील कोरडे आणि आपणही कोरडे!”

चटणी तशीच परत आणली.

*

तिसऱ्या वर्षी नानांनी कॅनव्हासचे बूट घेतले. नवे बूट चावतात, आधी वापरून मऊ करावेत, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. नाना पद्धतशीर माणूस. दोन महिने ते रोज सकाळ-संध्याकाळ बूट घालून गिरणीच्या आवाराला फेऱ्या मारत. अगदी नेमाने, पावत्या फाडाव्यात तशा.

निघायच्या आदल्या दिवशी बामाने एक बूट उलटा करून पाहिला. तळव्यातून त्याचं बोट आरपार बाहेर आलं.

“नाना,” तो म्हणाला, “तुमचे बूट गड चढून परत पन आले. तुमीच रायलाव!”

*

त्याच वर्षी चढायचा सराव म्हणून नाना गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीवर चढले. चढले झकास. उतरता येईना. आम्ही शिडी शोधत होतो, तेवढ्यात नेमके शेठ आले.

“नाना, वर काय करताय?”

“उंदीर शोधतोय, शेठ!”

“मग दिसला का?”

“दिसला ना. तो खाली उतरलासुद्धा. माझंच कठीण दिसतंय!”

*

मग शेवटचा हिवाळा आला. चैत्रात नाना जाणार होते. या खेपेला सामान बारदानासकट तोललं, पाणी दोघादोघांकडे दिलं, आणि नानांनी जुन्या वहाणा बाहेर काढल्या. शनिवारी सगळं तयार झालं तेव्हा बामा म्हणाला, “मी नाय येत. तुमी जा.”

“का रे?”

“काम हाय.”

रविवारी गिरणी बंद, मग काम कसलं? नाना चिडले. “तीन वर्षं बरोबर निघालास, आणि आता ऐन वेळी?” बामा मान खाली घालून गेला. मलाही त्याचा राग आला होता.

जिथवर रस्ता होता तिथवर उस्मानने लॉरी नेली. पुढे नाना दर पन्नास पावलांवर बसत होते. माचीवरच्या ठाकरवाडीतल्या माणसांनी त्यांना एक काठी दिली. शेवटच्या घळीत काशिनाथ वरून ओढत होता आणि मी खालून ढकलत होतो. दुपारी बाराच्या सुमाराला नाना वर पोचले. मला रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही.

नानांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. कड्याशी गेले आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागले. खाली झाडं, शेतं, लांबवर खाडी. त्यात पनवेल कुठलं, काही कळेना. उस्मान एकीकडे बोट दाखवी, काशिनाथ दुसरीकडे.

“तो बघा तलाव!”

“तलाव कसला, मिठागर आहे ते!”

नानांचा चेहरा उतरत चालला. “राहू दे,” ते म्हणाले. “एवढ्या लांबून काय ओळखू येणार.”

तेवढ्यात खाडीच्या अलीकडून पांढुरक्या धुराचा एक जाड लोट सरळ वर आला. रविवारच्या दिवशी!

उस्मानचं आणि काशिनाथचं बोट आता एकाच जागी वळलं. नाना त्या धुराकडे बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

“ओलं तूस घातलंय गाढवानं,” ते म्हणाले. “असा धूर काढतात का कधी!”