डांबरापुरते टायर

आठवीत शाळा सुटली आणि मी कोकणातून थेट मेहकरला आलो. टायरच्या दुकानाचे मालक, चाचा, यांनी काम दिलं, निजायला जागा दिली. त्यांचं गिऱ्हाईक तुटेल या धास्तीनं मी कुणाला उलट बोलत नसे. त्या बियाणं विकणाऱ्या साहेबालाही बोललो नाही, पण त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

रोजच्या फिरतीला त्याच्याकडे लाल, बुटकी, पळणारी गाडी होती. टायर निवडताना तो नक्षीत अंगठा दाबायचा, कडा चाचपायचा, बनवल्याची तारीख वाचून जुना माल बाजूला सारायचा. एवढी पारख बियाणं विकताना कुठं जायची?

त्या दिवशी तो नवे टायर घ्यायला आला, तेव्हा त्याच्या मागे एक शेतकरी उभा होता. या बीटी कपाशीला बोंडअळी लागतच नाही, असं सांगून याच साहेबानं त्याला बियाणं दिलं होतं.

"साहेब, एकडाव वावरात येऊन पाहा ना. पुरा कापूस बोंडअयीनं खाल्ला."

"येतो म्हटलं ना. टायर गेलेत गाडीचे."

मी मुद्दाम जाड कडेचे टायर पुढे केले. "हे कच्च्या रस्त्यालाही चालतात, साहेब."

"डांबराला चिकटणारे दे रे," तो हसत म्हणाला. "कच्च्यावर उतरायचंय कुणाला?"

शेतकऱ्यानं ते ऐकलं. खिशातली किडकी बोंडं काढून त्यानं बॉनेटवर मांडली. "मंग वावरच तुमच्यापाशी आनलं, साहेब. आता पाहा."

साहेबानं रुमालानं बोंडं खाली झटकली आणि रंगाला ओरखडा गेला का, ते वाकून पाहिलं.