ताईला मान्य नसलेली ओळ

सुसाटमामांनी आयुष्यभर कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या वाचून दाखवल्या. वाचल्या कसल्या, दामटल्या! पिंजऱ्यातला माणूस पहिल्या ओळीवर असे, तोवर मामा सहीच्या जागी बोट ठेवून मोकळे. सुसाट हे नाव वकिलांनीच ठेवलेलं, आणि मामांना ते पदवीसारखं वाटे.

निवृत्त झाल्यावर ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले. काचबिंदूनं ताईची नजर गेली होती. उशाशी साधनेचं एक जाडजूड पुस्तक होतं, अर्ध्यावर राहिलेलं. "एवढं वाचून दाखव रे बाबा," ती म्हणाली. "मन थाऱ्यावर नाही माझं." कारण दोघांनाही ठाऊक होतं. ताईच्या पोरीनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, ताईनं "मेलीस तू मला" म्हणून दार लावलं, आणि त्यानंतर घरात तिचा विषयच बंद झाला.

"हात्तिच्या! रविवारपर्यंत फडशा पाडतो," म्हणत मामा सुटले. अख्खं प्रकरण एका दमात. शेवटी सवयीनं जबानीखालचं ठरलेलं वाक्य जिभेवरून घसरलंच: "वाचून दाखवलं, बरोबर आहे."

"काय डोंबल बरोबर आहे?" ताई उसळली. "मला मान्य नाही. ते मधलं परत वाच."

मामांना घामच फुटला. असं कुठला साक्षीदार कधी म्हणालाच नव्हता. मुंडी हलवायची, सही ठोकायची, की झालं! त्यांनी पान मागे उलटलं. "ज्यानं तुला दुखावलं, तो येईल म्हणून वाट पाहू नकोस. ऊठ, तूच जा."

"म्हणजे दुखावलं तिनं आणि जायचं मी? वा रे न्याय!"

मग रोज सकाळी तेवढीच ओळ. मामा पुढे सरकायला बघत, ताई अडवे. लिहिणाऱ्याला शिव्या घाले, आणि पुन्हा तीच वाचायला लावी. अशानं हे पुस्तक पुढच्या जन्मी संपेल, म्हणून मामा चरफडत. पण तीच ती ओळ म्हणता म्हणता त्यांचाही वेग उतरला. एका सकाळी ओळ सावकाश निघाली, एकेक शब्द सुटा, आणि वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय त्यांना कधी नव्हतीच. ताईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखावलं मीच रे," ती म्हणाली. "दार मी लावलं. वाट ती बघत असेल, मी कसली बघतेय! लाव फोन."

मामांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे रस्त्याचा गोंगाट होता. "बोला मामा. आई बरी आहे ना?"

"मी बोलतेय गं," ताई म्हणाली. "चुकलं माझं, बाळा."

मागून दोन-तीन हॉर्न वाजले. मग पोरीचा आवाज आला, "आई, ठेवू नकोस हं. गाडी बाजूला घेते."