दहाव्याला आलेले डोळे

मामाच्या दहाव्याला सगळ्यात जास्त मी रडलो, असं गावाचं मत पडलं. खरं तर माझे डोळे आले होते.

बीडहून निघतानाच पापण्या चिकटत होत्या. बायको म्हणाली, "जाऊ नका. निदान काळा चष्मा लावा." दहाव्याला काळा चष्मा म्हणजे अगदीच पुढारी. तसाच गेलो.

माझे लाल डोळे बघून मामेभाऊ बाळू गळ्यात पडला. "दादा, किती रडलास रं." मी खरं सांगणार, तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "भाचा आसावा तर आसा." मी डोळे पुसले. (मामा वर्षभर अंथरुणाला होते. मी एकदाच भेटलो होतो, तेही पत्रिका द्यायला.) मग एकेक जण गळ्यात पडत गेला. ज्या हातानं डोळे पुसायचो, त्याच हातानं मी पाठी थोपटत होतो. खुंटीला सगळ्यांत मिळून एकच टॉवेल होता. तोही मी सोडला नाही. मामीनं तर माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

तीन दिवसांनी बाळूचा फोन आला. "दादा, निम्म्या गावाचे डोळे आलेत. आईचे बी."

मामीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची अंबाजोगाईची तारीख चार दिवसांवर होती. ती पुढं ढकलली. तिला आधीच धूसर दिसायचं. आता ती तव्यावरची भाकरी चाचपून उलटायची आणि बोटं भाजून घ्यायची.

मी बरा झाल्यावर गेलो आणि गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी तुमी रडलातच न्हाई?"

"थोडं रडलो."

"मग कावून सांगितलं न्हाई? लांबून नमस्कार केला आसता, सोताचा रुमाल वापरला आसता, तर झालं आसतं."

मग त्या घरोघर गेल्या, मलाही नेलं. ज्याचा त्याचा टॉवेल वेगळा, दारात साबण, डोळ्याला हात नाही, गळाभेट बंद. प्रत्येक दारात त्या माझ्याकडं बोट दाखवायच्या, "ह्यांच्यापासून आलंय." लोक लगेच हात धुवायचे. पंधरा दिवसांत साथ ओसरली.

मामीचं ऑपरेशन दीड महिन्यानं झालं. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेलो. तिनं आधी मामांचा फोटो बघितला, बराच वेळ. मग माझ्याकडं वळली.

"तू येवढा म्हातारा कधी झालास रं?"

"मामी, मला शेहेचाळिसावं चालूय."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला दिसत नव्हतं तवा लई चांगला वाटायचास."