अंबाजोगाईत घर स्वस्त आहे

पुण्यातल्या घरमालकाने भाडं अठ्ठावीस हजारांवर नेलं, तेव्हा माझी बायको सुषमा एवढंच म्हणाली, "आता इथं राहायचं तरी कशाला?" माझं काम घरूनच चालतं. मुलगी मुक्ता नववीत. तिघांनी एकत्र, जरा हातपाय पसरून राहावं, एवढीच हाव. शनिवारी पहाटे मी एकटाच गाडी घेऊन अंबाजोगाईला निघालो.

जामखेडमार्गे सात तास धरून चला. मांजरसुंब्याला पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा मागाल तितका. पुण्यात एवढ्या पैशात नुसता चहा झाला असता, या विचाराने घास उगाच कडू झाला.

घरमालक आप्पा किराणा दुकानदार, कपाळाला भस्म. वरचा मजला, तीन खोल्या, गच्ची. भाडं सात हजार. कुलूप आजच विकत घ्यावं असं वाटलं.

"पोरगी कितवीला हाय?" आप्पांनी विचारलं.

"नववीला."

"मंग दोनच वर्सं राहती तुमच्याजवळ. अकरावीला लातूर."

"कावून? इथं कॉलेजं आहेत की," मी त्यांच्याच बोलीत शिरायला गेलो.

"हायत की. पर डॉक्टर करायचं म्हणलं की समदे लातूरच धरतेत. माझी बी तिकडंच हाय. तुमचं भाडं आलं की तिच्या खोलीचं भागंल."

मुक्ताला डॉक्टर व्हायचंय, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तिथेच मुक्काम केला. सकाळी आप्पा लेकीसाठीचा डबा घेऊन निघाले, मलाही एसटी स्टँडवर नेलं. लातूरच्या गाडीपाशी आईबापांची रांग, प्रत्येकाच्या हातात डबा, डब्यावर रंगाने पोराचं नाव. कंडक्टरने ते सवयीने सीटखाली लावले.

"भेंडी हाय आज," आप्पा म्हणाले. "खाती का न्हाई, कळत न्हाई. डबा मोकळा येतो. पर टाकून दिला तरी मोकळाच येतो की."

परतीच्या वाटेवर मी सगळ्यांवर चिडलो होतो. पुण्यात घर परवडत नाही आणि परवडतं तिथे पोर जवळ राहत नाही. आमच्यासारख्यांनी जावं कुठे?

घरी सुषमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इथं राहिलो तर तिच्या क्लासला पैसे उरणार नाहीत. घे ते घर."

आप्पांना फोन लावला. दोन वर्षांसाठी येतो म्हणालो. वाटलं, अनामत रकमेचं बोलतील.

"या," ते म्हणाले. "दोन वर्सं पोरगी समोर बसून जेवंल. लई हाय."