रोबोटने केलेली चुगली

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या फॅक्टरीत बसच्या काचा बसवतात. काच बसवण्याआधी तिच्या कडेने काळ्या गोंदाची रेघ ओढायची, हे माझं काम. रेघ तुटली की पावसात बस गळते. गोंदाची पिचकारी जड, उभी केलेली काच माझ्याहून उंच. वरच्या डाव्या कोपऱ्यात हात पोचला की खांद्यातून कळ निघायची. कुणाला सांगितलं नव्हतं. दुखणं सांगितलं की ठेकेदार नाव कापतो, असं आम्ही बायकांनी धरूनच ठेवलं होतं, आणि घर माझ्या पगारावर चालत होतं.

त्यात रोबोट आला. आला तो आला, आणि त्याला शिकवायचं कुणी, तर मी! जो माझी जागा घेणार त्याला मीच तयार करायचं, कमालच होती. सुपरवायझर म्हणाले, "काही कठीण नाही बाई. त्याचा हात धरा अन् रोज ओढता तशी रेघ ओढा. मंग तो तसंच करते." बालवाडीत पोरांचा हात धरून गिरवून घेतात, तसाच प्रकार. ओठ घट्ट मिटून मी त्याचा हात धरला आणि काचेच्या कडेने एक फेरी मारली.

मग सगळे मागे सरले आणि तो एकटा चालू झाला. खालची कड झकास, उजवी बाजूही झकास. वर चढला, डाव्या कोपऱ्याशी आला, आणि तिथे त्याचा हात एकदम खाली झुकला, जरा थांबला, मग पुढे गेला. रेघ तुटली.

"अरे गाढवा, सरळ जा न!" मी ओरडले. मग सुपरवायझरांना म्हटलं, "भाऊ, मशीन खराब हाय तुमची. मी असं केलंच नाही."

पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच झुकला. शेजारी काम करणारी माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "तू रोज असंच करते वं. मंग अंगठ्यानं रेघ जोडते."

माझा हात तिथे पडतो हे मलाच ठाऊक नव्हतं. मी लपवलेलं दुखणं त्या लोखंडी हाताने चारचौघांत करून दाखवलं होतं.

सुपरवायझरांनी मशीन बंद केली. "खांदा दुखून राहिला काय, बाई?"

मी हो म्हटलं आणि रडूच फुटलं. वाटलं, झालं, उद्यापासून घरी.

"सांगितलं काहून नाही? मशीन आणली ते याच्यासाठीच तं! पिचकारी तो उचलन, तुम्ही रेघ तपासा. तुमची नजर त्याले कुठं हाय? नाव कोणी कापत नाही, ठेकेदाराले मी सांगतो. पहिले डॉक्टरले दाखवा. कोपरा मंग शिकवू."

त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. नवऱ्याला म्हटलं, "वरच्या फळीवरचा डबा आता तुम्हीच काढत जा."

डॉक्टरांनी भिंतीवर बोटं वर वर चढवत नेण्याचा व्यायाम सांगितला. कुकर होईपर्यंत स्वयंपाकघरात मी तो करायची. तोवर कोपऱ्यातली रेघ मैत्रीण हाताने ओढत होती आणि मला टोमणे मारत होती.

खांदा मोकळा झाल्यावर मी रोबोटचा हात पुन्हा धरला, फिरवला, सोडला. तो वर चढला. डावा कोपरा आला तसा मी श्वास रोखला. तो थांबलाच नाही. रेघ सलग पुढे गेली.

"शाबास गा!" माझ्या तोंडून निघालं.

मैत्रीण म्हणाली, "कोणाले म्हणून राहिली वं? त्याले का खांद्याले?"

"दोघायले," मी म्हटलं, आणि दोन्ही हात डोक्यामागे नेऊन, न कण्हता, सुटलेला अंबाडा बांधला.