हक्कसोडीची साडी

"तिला सही जमत न्हाई. अंगठाच घ्या," दादा म्हणाला.

मी समोरच उभी होते. सातवी पास. लातूरला पोरांच्या होस्टेलात मेसच्या पोळ्या लाटते, आणि किराण्याची यादीबी मीच लिहिते. दस्त लिहिणाऱ्या अर्जनवीसानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. माझ्या नावापुढं लिहून टाकलं, 'निशाणी डाव्या अंगठ्याची'. दादानं माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला.

त्याच्या आधी रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात वहिनीनं माझी ओटी भरली होती. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हिरवी साडी, खण. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला की तिला साडीचोळी द्यायची, अशी आमच्याकडं रीत. सगळे बघत होते. एक शिपाई हसला, "ऑफिसात डोहाळजेवण हाय का काय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वहिनी म्हणाली, "हसा की वन्सं, शुभ काम हाय." हसले. काय करणार!

जमीन किल्लारीजवळची. बाबांनी स्वतः खरेदी केलेली. भूकंपात घराचं माळवद कोसळलं आणि बाबा त्याखाली गेले. चाळिशीतला माणूस, मृत्युपत्र कशाला लिहून ठेवेल? तलाठ्यानं सातबाऱ्यावर वारस लावले: आई, दादा आणि मी. पुढं आईबी गेली. मला वाटायचं, माझं नाव उगं आपलं रिवाज म्हणून हाय. पोरगी दिल्या घरची, जमीन दादाची. असं मला कुणी शिकवलं न्हाई, तरी तोंडपाठ होतं.

आता दादाला जमीन विकून लातुरात फ्लॅट घ्यायचा होता. पोराला क्लास लावायचा, डॉक्टर करायचं. मी म्हणलं होतं, "दादा, माझी पोरगीपण नववीला हाय." तो म्हणाला, "तिच्या लग्नाचं बघू की आपण." झालं. विषय संपला.

अंगठा कागदावर टेकणार तेवढ्यात मी वाचलं. 'मी माझ्या राजीखुशीने, कुणाच्याही दबावाविना, साडीचोळी घेऊन माझा हिस्सा कायमचा सोडत आहे.' राजीखुशीने! आणि माझा अंगठा दादाच्या मुठीत.

"माझा हिस्सा म्हणजे किती?" मी अर्जनवीसाला विचारलं.

तो वैतागला. "अर्धा की बाई. आईबापाला तुम्ही दोघंच. अर्ध्याची मालकीण हायस म्हणून तर तुला इथवर आणलंय. हक्क नसता तर कुणी विचारलं असतं का?"

इतकी वर्षं भाऊबीजेला दादा देईल ते मी कपाळाला लावून घ्यायचे. उपकार समजून. मला लाज वाटली. दादाची न्हाई, माझीच. राग मागनं आला.

मी हात सोडवून घेतला. "मला सही येते. पण ह्या कागदावर करणार न्हाई."

"येडी झालीस का? गिऱ्हाईक बाहेर बसून राहिलंय," दादा ओरडला. वहिनी रडायला लागली. मग तो हळूच म्हणाला, "आज न्हाई केलीस तर माहेर तुटलं समज."

ते लागलं. लई लागलं. भूकंपाच्या पहाटे दगडमातीतून मला ह्यानंच ओढून काढलं होतं. बोटं फुटली होती त्याची. मी विसरले न्हाई, विसरणारबी न्हाई. पण जीव वाचवला म्हणून माझा हिस्सा त्याचा होत न्हाई.

साडी वहिनीच्या मांडीवर ठेवली आणि बस धरली. संध्याकाळच्या पोळ्या व्हायच्या होत्या.

महिन्यानं तहसीलला वाटणीचा अर्ज दिला. तवापासून नुसत्या तारखा. मेसमधनं सुट्टी मागायची, जायचं, साहेब नसतो, परत यायचं. दमले. खरंच दमले. भाऊबीजेला आता बोलावणं येत न्हाई. त्या दिवशी मी मुद्दाम काम काढते, आणि तरी रडते.

गेल्या तारखेला माझाच वकील म्हणाला, "बाई, थोडं कमी घ्या अन् मिटवा. शेवटी भाऊ हाय."

मी म्हणलं, "भाऊ हाय म्हणूनच अर्ध्यावर थांबले, साहेब, इतक्या वर्षांच्या पिकाचा हिशेब मागितला न्हाई. त्यातला एक गुंठाबी सोडणार न्हाई. पुढची तारीख सांगा."